तिसरी खाच

चाँदपाशानं मागची सीट दाबून सोडली.
खाली गेली, वर आली,
परत गेली, परत आली,
निघतो म्हणून उठलेला पाहुणा
दारात उभा राहून बोलत राहतो, तशी.
"तेल कधीच संपलंय, सर.
नुसत्या स्प्रिंगवर फिरूलालाव तुम्ही."

मी पिग्मीवाला. अहमदपुरात आणि शिरूरकडं मिळून
रोज एकशे चाळीस दारं.
कुणाचे वीस, कुणाचे पन्नास,
टपरीवाल्या गुंडाप्पाचे रविवारीसुद्धा दहा,
सगळं तोंडपाठ.
रस्ताही तसाच. काळ्या रानावर टाकलेलं डांबर,
वैशाखात चिरतं, श्रावणात फुगतं.
कुठं उठायचं, कुठं दात आवळायचे
ते ढुंगणाला माहीत,
डोळ्यांना विचारायचं काम नाही.

शिवकांता मात्र एका बाजूला पाय सोडून बसायची.
तिला खड्डा दिसायचा नाही,
नुसता लागायचा.
लातूरच्या डॉक्टरनं फोटो उजेडावर धरला,
दोन मणक्यांच्या मध्ये पेन टेकवला,
"इथली गादी गेलीय. दुचाकी बंद."
तेव्हापासून हाडोळतीला माहेरी ती काळीपिवळीनं,
आणि मी तिच्या मागं धूळ खात,
हँडलला तिची पिशवी.

गादी जाणं म्हणजे काय
ते मला गॅरेजात कळलं.
जुन्या शॉकअपचा दांडा चाँदपाशानं बोटानं दाबला.
दांडा आत गेला. काहीच म्हणाला नाही.
"बघा. ह्याला आडवायला आत कुणी नाही."

नवी जोडी नांदेडहून आली, गॅसची,
पिवळी स्प्रिंग, बाजूला औषधाच्या बाटलीएवढी डबी.
पाच हजार दोनशे, दोन हप्त्यांत.
सोळा वर्षं लोकांचे पैसे मोजून घेतले,
हप्ता देताना आपला हात असा जड होतो
हे माहीत नव्हतं.
पुढच्या फोर्कात नवं तेल, नवे सील.
मग तो पाना घेऊन स्प्रिंगखालच्या खाचांपाशी बसला.
पाच खाचा.
"सिंगल का डबल?"
डबल.
"मागच्या माणसाचं वजन?"

मी गप्प.
लग्नाला एकोणीस वर्षं.
एकदा ओढ्याला पाणी आलं तेव्हा
उचलून पलीकडं नेलं होतं तिला,
पण ते किलोत नव्हतं.

"फोन लावा की घरी."
बायकोला वजन विचारायचं,
ते पण फोनवर,
टायर काढणारी चार पोरं कान देऊन बसलेली!
शेवटी शेजारच्या कृषी केंद्रातून
सोयाबीन बियाण्याच्या तिसाच्या दोन थैल्या आणून
सीटवर बांधल्या.
मी लांब जाऊन थैल्यांकडं बघितलं,
तिच्याकडं इतकं नीट कधी बघितलं असेन का.
"थोडं कमी असंल," म्हणालो.
चाँदपाशा हसला नाही. टेप लावली,
किती बोटं दबतंय ते मोजलं.
तिसरी खाच.

रविवारी काळीपिवळी आलीच नाही.
तिनं कमरेचा पट्टा आवळला, देवाचं नाव घेतलं,
बसली.
पुलाच्या अलीकडं तिचा हात माझ्या खांद्यावर,
नेहमीसारखा, आधीच, नखांसकट.
चाक खाली गेलं.
वर आलं.
एकदाच.
हात तिथंच राहिला,
कशाची तरी वाट बघत.

तुरीची रानं लागल्यावर म्हणाली,
"रस्ता केला का ओ ह्यांनी?"
"केला वाटतं."
"निवडणूक आली असंल."
"असंल."

सासरवाडीत पोचल्यावर फाईल ठेवताना
डॉक्टरची चिठ्ठी दिसली.
नाव, वय, आणि त्यांच्याखाली, सहासष्ट.

रात्री अंगणात मोबाईलच्या उजेडात
पाना लावून बसलो होतो, चौथ्या खाचेवर,
तेवढ्यात आतून आवाज आला,
"काय करूलालाव अंधारात?"
"काही नाही," म्हणालो,
"चेनीला तेल."